तीन नंबरचं बटण

"मंजुषा कुठं आहे?" मी दुसऱ्यांदा विचारलं.

"मागं हाय. धुणं धुती." बसम्मांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि त्या लगेच आत वळल्या.

पाच मिनिटांपूर्वी याच बाई म्हणाल्या होत्या की मंजुषा झोपलीय, रात्री तिचं डोकं दुखत होतं. झोपेत धुणं धुणारी मुलगी माझ्या तरी पाहण्यात नाही. मी चहा हुंगला, प्यालो आणि टीव्हीखालच्या डब्याकडं बघत बसलो. डब्यावर तीन नंबरचा हिरवा दिवा चांगला ठळक जळत होता. तीन नंबर म्हणजे मंजुषा. डब्याच्या मते ती या घडीला माझ्या शेजारी बसून योगासनं बघत होती.

माझा धंदाच संशयाचा आहे, आणि स्वभावही त्याला साजेसा. घरी मी दूध हुंगल्याशिवाय चहात ओतत नाही. माझी बायको सौदामिनी म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा उलटा-पालटा करून खाल." खाईन. त्यात चूक काय आहे?

आमची कंपनी देशभरात काही निवडक घरांमध्ये टीव्हीखाली एक डबा बसवते. घरातल्या प्रत्येक माणसाला एक नंबर. टीव्हीसमोर बसलं की रिमोटवरचं आपलं बटण दाबायचं, दिवा लागतो. उठलं की पुन्हा दाबायचं, दिवा जातो. कोण काय बघतं ते त्यातून मुंबईला कळतं आणि त्यावरून कुठल्या कार्यक्रमाला किती प्रेक्षक ते ठरतं. ही घरं कुठली, हे शेजाऱ्यालाही कळता कामा नये. कळलं की लालूच दाखवणारे दारात उभे राहतात. "आमचंच चॅनेल लावून ठेवा, तुमच्या घरी नवीन फ्रीज येईल" असं म्हणणारे मी पकडलेले आहेत. म्हणून गल्लीत मी बापूसाहेब कंधारकर नसतो, मी नांदेडहून आलेला डिशवाला असतो.

जळकोटचं हे घर सिद्धरामप्पांचं. बसस्टँडजवळ त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी डबा मीच बसवला होता. एक नंबर सिद्धरामप्पा, दोन नंबर त्यांची बायको बसम्मा, तीन नंबर मुलगी मंजुषा, तेव्हा वीस वर्षांची. पोरगी भारी चौकस. "काका, आमच्या तिघांवरून सगळ्यांचं कसं कळतं?" म्हणून तिनं मला छळलं होतं. मधे माझ्याकडं हिमायतनगरचा भाग आला आणि इकडं येणं राहिलं.

आणि गेल्या आठवड्यात मुंबईहून अनिमेषचा फोन आला. माझा साहेब, वयानं माझ्या निम्म्याहून थोडा जास्त.

"कंधारकर, जळकोटला काहीतरी घोटाळा आहे. बावीस वर्षांची मुलगी रोज पहाटे साडेपाच ते रात्री दहा एकच चॅनेल बघते. तेसुद्धा सरकारी, राष्ट्रीय. भजन, योगासनं, शेती, संस्कृत बातम्या, लोकसभा, काहीच सोडत नाही. असं कोण बघतं? कुणीतरी त्यांना वश केलंय. एक दिवस जाऊन बसा तिथं."

म्हणून मी पहिल्या गाडीनं कंधारमार्गे साडेआठला येऊन बसलो होतो. "मशीन बिघडलंय, अक्का. दिवसभर तपासावं लागेल," अशी थाप मारली होती. बसम्मांनी चॅनेल बदललं नव्हतं. मी आलो म्हणून त्या दचकल्याही नव्हत्या. पण माझ्या नजरेला नजर काही देत नव्हत्या, आणि इथंच माझं डोकं ठणकायला लागलं.

योगासनं संपली. शेतीचा कार्यक्रम लागला. कुठल्या तरी डोंगराळ राज्यात एक माणूस सफरचंदाच्या झाडाला चुना फासत होता. बसम्मा दाराशी बसून शेंगा सोलत होत्या आणि सफरचंदाकडं अशा मन लावून बघत होत्या, जणू जळकोटला उद्या बागच लावायचीय.

"तुम्हाला आवडतं का हे?"

"मला काय कळतंय त्यातलं? चालू हाय तर बघून राहिले."

"मग मंजुषाला आवडतं?"

शेंग फुटली, दाणा उडून माझ्या पायाशी आला. "तिला समदंच आवडतंय," त्या म्हणाल्या.

"धुणं झालं नाही अजून?"

"लई हाय धुणं."

मी हात धुण्याच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो. दोरीवर एक धोतर, दोन लुगडी, एक टॉवेल. सगळं वाळून कडक झालेलं. धुण्याचा दगड कोरडा. मुलीचा एक कपडा नाही, ओढणी नाही, चप्पल नाही. परत येताना डाव्या हाताची खोली दिसली. दार बंद, कडी बाहेरून घातलेली.

आता बाहेर पडून शेजारी एक शब्द विचारला असता तर सगळं समजलं असतं. पण नोकरीचा पहिला नियमच तो. गल्लीत तोंड उघडायचं नाही. गपगुमान येऊन खुर्चीत बसलो.

संस्कृत बातम्या झाल्या. मग प्रश्नमंजुषा लागली, शाळकरी पोरांची. सूत्रधार बाईनं विचारलं की ब्रह्मपुत्रेला तिबेटात काय म्हणतात. पोरं गप्प. बसम्मा भिंतीकडं बघत हळूच पुटपुटल्या, "मंजूला ठाव हाय." मी ऐकलं. मग त्या बंद दाराकडं बघितलं. आतून आवाज नाही, खोकला नाही, बांगडी वाजली नाही. पत्र्याचं घर, वर एवढं ऊन, तरी पंखा फिरल्याचाही आवाज नाही.

माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगायची लाज वाटते, पण आलं खरं. पेपरात आपण वाचतो ना, अशा-तशा बातम्या. बावीस वर्षांची पोर, दाराला बाहेरून कडी आणि आई खोटं बोलतेय. सरकारी चॅनेलवर सतारवादन चाललं होतं आणि मी त्या कडीवरून नजर काढत नव्हतो.

एक वाजता सिद्धरामप्पा जेवायला आले. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, बोटं भांड्यांच्या पॉलिशनं काळपट. "या सायेब," म्हणाले, पाय धुतले आणि पाटावर बसले. टीव्हीकडं पाठ करून बसले. खोली एवढीशी, तोंड टीव्हीकडं करणं सोपं होतं. पण पाट उचलून, वळवून, ते पाठ करून बसले. मला ताट वाढलं गेलं. भाकरी, शेंगाची चटणी, पातळ पिठलं. ताटं दोनच. बसम्मा मागून जेवणार, हे समजू शकतं. पण मुलीचं ताट?

"अप्पा, माणसं तीनच ना घरात? फॉर्मवर तसं लिहिलेलं आहे," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दोन."

आत बसम्मांच्या हातातली पळी थांबली.

"फॉर्मवर तीन..."

"फॉर्म जुना हाय. दोन ल्याहा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तसाच ताटात ठेवला. "तीन नंबरवर कुणी न्हाई. काढून टाका ते. मी हिला कवाच सांगितलं व्हतं, सायेबाला फोन लाव म्हणून."

"पण तो दिवा तर रोज पहाटे..."

"काढून टाका म्हणलं ना."

आवाज चढला नाही. उलट खाली गेला. ते उठले, हात धुतले, ताटात अर्धी भाकरी ठेवून दुकानाला गेले. अन्न टाकून उठणारा हा माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी पाटावरचं शीत उचलून खाताना मी त्यांना पाहिलं होतं.

दारातून त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर मी उभा राहिलो. 

"अक्का, त्या खोलीची कडी काढा."

"काय हाय त्या खोलीत?"

"तेच मला बघायचंय. सकाळपासून तुम्ही म्हणता झोपलीय, धुणं धुतेय. अप्पा म्हणतात कुणीच नाही. मलाही डोळे आहेत. कडी काढा, नाही तर मी इथून उठून सरळ पोलीस ठाण्यात जातो."

बसम्मा माझ्याकडं बघत राहिल्या. मला काय वाटतंय ते त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. "आगं आई," म्हणाल्या. "दादा, तुमाला असं वाटलं व्हय?"

त्यांनी कडी काढली.

खोलीत भांडी होती. खालपासून वरपर्यंत, तीन फळ्या भरून. पातेली, डबे, तांब्ये, परात, कळशी, सहा-सहाच्या ताटवाट्या. सगळी कोरी, कागदाचे कपटे अजून चिकटलेले. मी एक तांब्या उचलला. काठावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलं होतं, चि. मंजुषा. दुसरा उचलला, त्यावरही तेच. वाटीवर, झाऱ्यावरसुद्धा.

"ती धाव्वीला गेली तवापासून ह्यांनी एकेक करून ठेवलंय. लग्नात द्यायला. दुकानातलं यंत्र घेऊन बसायचे अन् सोता नाव घालायचे, गड्याला हात लावू द्यायचे न्हाईत." बसम्मा उंबऱ्यावरच टेकल्या. "आठ म्हैने झाले. पोरगी गेली. तिच्या मनानं लगीन केलं. पोरगा आपल्यातला न्हाई. हैद्राबादला असत्यात म्हणं."

मी तांब्या जागेवर ठेवला. माझी मलाच इतकी शरम वाटली की काय सांगू.

"चौथ्या दिवशी ह्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाची करत्यात तशी. अंगणात, डोक्यावरून गार पाणी. मलाबी करायला लावली. रेशनकार्डावरून नाव काढलं. भिंतीवरचा फोटो काढला. मठात जाऊन सांगून आले की आमाला लेक न्हाई. गल्लीत समद्यांना ठाव हाय, पर तिचं नाव कुणी काढीत न्हाई. माझ्यापशी तिचा फोन नंबरबी न्हाई, दादा."

टीव्हीवर लोकसभा लागली होती. कुणीतरी तावातावानं बोलत होतं आणि कुणीतरी बसा, बसा म्हणत होतं.

"मग हे बटण?"

"एवढ्या एकाच ठिकाणी ती ऱ्हायलीय की," बसम्मा म्हणाल्या. "ती साडेपाचला उठायची, अभ्यासाला. मी उठते अन् तिचं बटन दाबते. दिवा लागतोय. धाला झोपायची, धाला बंद करते. ह्यांना दिसतंय. बोलत न्हाईत. पाठ करून बसत्यात."

"पण हेच चॅनेल का? दिवसभर?"

"मी दुसरं काय लावणार? तिला काय आवडायचं ते मला धड ठावच नव्हतं, बघा. आई असून. मी चुलीपाशी, ती हितं. कवा गाणी लावायची, कवा बातम्या, कवा ते परश्नांचं. ह्या च्यानलवर समदं येतंय. शेती येती, नाच येतोय, देव येतोय. म्हणलं, दिवसभरात येखादं तरी तिच्या आवडीचं निघंल."

मी दाराच्या चौकटीला हात लावून नुसता उभा राहिलो.

"अन् तुमीच म्हणला व्हता," त्या म्हणाल्या, "डबा बसवताना. मंजूला सांगत व्हता, ह्या घरात एकानं बघितलं म्हंजी हजार घरांत एकेकानं बघितलं असं धरत्यात. मी आतून ऐकलं व्हतं. मग म्हणलं, माझी मंजू हजार घरांत बसून बघती. येकटी न्हाई."

बोलून गेलो होतो खरा. सगळीकडं तेच सांगतो, पाठच झालंय. त्या वाक्याचं कुणी असं काही करेल, हे माझ्या बापजन्मी मनात आलं नव्हतं.

चार वाजेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. मातीच्या घोड्यांवरचा एक माहितीपट झाला, कबड्डीचा सामना झाला. आम्ही दोघंही बघत होतो. शेवटी मी पिशवीतून मोबाईल काढला.

"अक्का, नियम आहे. जो माणूस घरात राहत नाही त्याचा नंबर काढावाच लागतो. मुंबईच्या लोकांना संशय आलाय. मी नाही काढला तर दुसरा येईल आणि तो डबाच उचलून नेईल."

"ह्येंनी रेशनकार्डावरून काढलं, आता तुमी हितून काढा," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "काढा. तुमची नोकरी हाय."

मी तीन नंबर काढला. दिवा गेला. बसम्मांनी रिमोट हातात घेतला, तीनचं बटण एकदा दाबून बघितलं. काही लागलं नाही. मग त्यांचं बोट सगळ्यात खालच्या बटणावर गेलं.

"ह्ये कशाचं हो?"

"पाहुण्याचं. कुणी आलं-गेलं तर ते दाबायचं. मग बाई की पुरुष आणि वय विचारतं, ते द्यायचं."

त्यांनी बटणावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "लेक पाव्हनीच की हो घरची."

"पाहुणा टीव्हीसमोर बसलेला असावा लागतो, अक्का." हे मी बोललो, आणि पिशवी उचलून चप्पल घातली. याहून जास्त बोलायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी मला एका पुडीत शेंगाची चटणी बांधून दिली. ज्याच्या मनात दुपारी तसलं काही आलं त्याला चटणी! मी ती घेतली. न घेणं जास्त वाईट दिसलं असतं.

बसस्टँडकडं जाताना सिद्धरामप्पांच्या दुकानावरून जावंच लागतं. ते गल्ल्यावर बसून एक घागर पुसत होते.

"झालं का काम?"

"झालं. तीन नंबर काढला."

"बरं झालं." घागर पुसणं चालूच. मी दोन पावलं पुढं गेलो असेन. "सायेब."

"काय अप्पा?"

"म्हंजी आता त्यो दिवा लागायचाच न्हाई?"

"नाही."

"दाबलं तरी?"

"दाबलं तरी नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुसून झालेली घागर पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. माझी गाडी लागली होती, मी निघालो.

घरी मी सौदामिनीला सगळं सांगितलं. ती शिक्षिका आहे, सगळ्यावर बोलते. त्या रात्री एवढंच म्हणाली, "तुम्ही काढायला नको होता नंबर." मी म्हणालो, "नोकरी आहे." ती म्हणाली, "हाव ना. नोकरीच आहे." आणि कूस बदलून झोपली.

वीस-एक दिवसांनी एका रविवारी बसम्मांचा फोन आला. घरातलं कुणी परगावी जाणार असेल तर आम्हाला कळवायचं, असा नियम आहे आणि तो पाळणारी ही पहिली बाई. "दादा, निलंग्याला बहिणीकडं चालले. पाच दिस. घरी हे येकटेच हायत. दोन नंबर बंद ऱ्हाईल, तेवढं ल्याहून ठिवा."

मी लिहून ठेवलं. बरं, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी अनिमेषचा फोन.

"कंधारकर, तुमचं जळकोट पुन्हा. तीन नंबर काढलात ना? आता पाहुणा लागलाय. महिला, वय बावीस. पहाटे साडेपाच ते रात्री दहा. तेच चॅनेल. वीस-बावीस दिवस झाले, रोज. हा कसला पाहुणा?"

"थांबा, बघतो," म्हणालो. त्या घराच्या बटणांचा तक्ता उघडला. बसम्मा ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. मी मनात शब्द जुळवू लागलो. म्हातारी बाई आहे, समज दिली होती, पुन्हा देतो, असं काहीतरी. आणि मला दोन नंबरची ओळ दिसली. सोमवारपासून कोरी. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही दिवस कोरी. बसम्मा निलंग्याला होत्या.

पाहुण्याची ओळ मात्र भरलेली होती.

माझी सवयच वाईट, मी तक्ता मोठा करून मिनिटामिनिटाचं बघायला लागलो. सोमवारी पहाटे ते बटण साडेपाचला लागलं नव्हतं. पाच छत्तीसला लागलं होतं, पुरुष, बावीस असं. लगेच खोडलेलं. मग महिला, बावन्न. तेही खोडलेलं. मग पाच एक्केचाळीसला बरोबर, महिला, बावीस. नवख्या हाताचं काम होतं. पॉलिशनं काळपट झालेली ती जाड बोटं मला त्या एवढ्याशा बटणांवर दिसली. मंगळवारी पहाटे बरोबर साडेपाचला, एकदाही न चुकता.

"कंधारकर, आहात ना? कोण आहे ही पाहुणी? मला तर दाट संशय येतोय."

"लेक आहे त्यांची," मी म्हणालो. "माहेरी आलीय."

"इतके दिवस? अजून किती राहणार?"

"माहेरी आलेल्या लेकीला असं विचारतात का हो, साहेब?"

तिकडं तो थोडा ओशाळला असावा. "बरं, बरं. तुमची खात्री असेल तर ठीक," म्हणाला आणि फोन ठेवला. सौदामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तिला हातानंच थांब म्हटलं. गुरुवारचा तक्ता अजून खालपर्यंत बघायचा राहिला होता.

दिवसभर पाहुणी एकटीच होती. भजन, योगासनं, शेती, लोकसभा. रात्री नऊला बातम्या लागल्या तेव्हा एक नंबरही लागला होता, अप्पांचा. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. तासभर दोघं तिथंच होते आणि दहाला दोन्ही बटणं एकाच मिनिटाला बंद झाली होती.